शेवग्याच्या पाल्याचं सूप

भात झोडून घरात आलं आणि हैबती महाडला जाऊन तोंडातले उरलेसुरले दात काढून आला. ते दात तसे नावालाच होते. एक हलायचा, दुसरा ठणकायचा, आणि भाकरीचा तुकडा चहात बुडवल्याशिवाय गिळता येत नव्हता. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "आता हिरड्या नीट भरून येऊ देत, मग माप घेऊन कवळी करू. तोवर मऊ खायचं. फार कढत नको, तिखट तर नकोच."

हैबती कापडे गावचा शेतकरी. त्याच्या आवाजाची गावात ख्याती होती. खालच्या खाचरात उभा राहून तो वरच्या वाडीतल्या माणसाला हाक मारायचा आणि वरून ओ यायची. असा हा माणूस त्या दिवशी एसटीतून उतरला तो तोंडाला मफलर गुंडाळून, आणि वाटेत कोणाशी न बोलता थेट घरात शिरला.

पहिले काही दिवस पेजेवर गेले. मग एका सकाळी त्यानं वाटी पुढे सरकवून दिली.

"मी आजारी हाय काय? पेज आजाऱ्याला देतात."

दात नसल्यामुळे त्याची अर्धी अक्षरं तोंडातून घसरून पडत होती, पण त्याच्या बायकोला, आनंदीबाईला, ती सगळी कळायची. चाळीस वर्षांची सवय होती. तिनं वाटी उचलली आणि मुंबईला सुनेला फोन लावला.

"गो निशिगंधा, हे पेजेला कंटाळलेत. भाकरी चावत नाय, भात टोचतो म्हणतात. काय देऊ?"

"आई, सूप द्या ना त्यांना," निशिगंधा म्हणाली. "इकडे थंडीत आम्ही रोज करतो. परसात जी भाजी असेल ती शिजवायची, घोटायची, झालं. वेगळं काही आणायला नको."

हैबती ओटीवर बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सुपात भात पाखडतात. सुपानं पोट भरल्याचं मी कधी ऐकलं नाय."

"ऐकलं नसंल तर आता बघा," आनंदीबाई म्हणाली आणि परसातला दुधी तोडायला गेली.

पहिलं सूप फसलं. हिरड्यांना झोंबेल म्हणून तिनं मीठसुद्धा जपून घातलं होतं. हैबतीनं एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाला, "भांडी विसळलेल्या पाण्याला पण ह्याच्यापेक्षा चव असते." दुसऱ्या दिवशी तिनं टोमॅटोचं केलं आणि हात सैल सोडला. मिरी जास्त पडली. हैबती डोळ्यांतून पाणी काढत अंगणात फेऱ्या मारू लागला. आनंदीबाईला वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. ते तिनं पदरात लपवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं सुनेचं ऐकायचं सोडून आपल्या हाताचं ऐकलं. माळ्यावरचा लाल भोपळा काढला. त्याच्या फोडी, कांदा, लसणीच्या पाकळ्या आणि आल्याचा तुकडा असं सगळं तुपाच्या थेंबावर परतलं आणि पाणी घालून चुलीवर ठेवलं. वीज गेलेली असल्यानं मिक्सरचा प्रश्नच नव्हता. शिजलेली भाजी तिनं ताकाच्या रवीनं घोटली. दाटपणासाठी वाटीभर पेज ओतली आणि वरून जिऱ्याची फोडणी दिली. डोंगरावरून गार वारा सुटला होता. हैबती घोंगडी पांघरून चुलीशी येऊन बसला. वाटी संपली. त्यानं ती पुन्हा पुढे केली.

"पेज हाय त्यात," आनंदीबाई म्हणाली.

"असू दे. ह्या पेजेला अक्कल हाय."

तिथून घराला सुपाची गोडी लागली. भाताच्या खाचरात पेरलेला पावटा भरला होता, त्याचे दाणे शिजवून एकदा केलं. मुळ्याचा पाला, कुळथाचं पीठ, कोबीची बाहेरची पानं, काही वाया जाईना. पण हैबती घराबाहेर काही पडेना. कोणी हाक मारली तर तो मफलर नाकापर्यंत ओढून आत जायचा. गावानं आपल्या बोळक्या तोंडाला हसावं हे त्याला सोसणारं नव्हतं.

आनंदीबाईचं माहेर पाचाडचं. तिची आई थंडीत मूगडाळीत शेवग्याचा पाला घालून कढत कढत प्यायला द्यायची. एका दुपारी तिला त्याची फार आठवण झाली. तिच्या परसात शेवगा नव्हता. तो होता कुंपणापलीकडे, धोंडूच्या अंगणात, आणि तिथेच सगळी अडचण होती.

धोंडू आणि हैबती एका वर्गात शिकले, एका पावसात लावणीला उतरले. पण दोन वर्षांपूर्वी त्या शेवग्यावर सुरवंट पडले आणि ते वाऱ्यानं हैबतीच्या ओटीवर येऊ लागले. हैबतीनं धोंडूला विचारलं नाही. धोंडू बाजाराला गेलेला बघून कोयता घेतला आणि झाड कमरेएवढं ठेवून वरचं सगळं उतरवलं. धोंडू परत आला तेव्हा अंगणात फांद्यांचा ढीग पडला होता. तो एवढंच म्हणाला, "विचारलं असतंस तर मीच तोडलं असतं." हैबती उलट त्याच्यावरच ओरडला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बायका मात्र कुंपणावरून बोलत राहिल्या. पण धोंडूची बायको जानकीबाई लेकीच्या, श्रुतिकाच्या, बाळंतपणासाठी मुंबईला गेली होती आणि धोंडू घरात एकटाच होता.

आनंदीबाई टोपली घेऊन गेली तर दार नुसतं लोटलेलं. आत धोंडू दोन गोधड्या घेऊन भिंतीला टेकला होता. उशाशी गार झालेला चहा आणि बिस्किटांचा पुडा. नाक लाल, आवाज बसलेला.

"भावजी, कधीपासून?"

"आजच जरा कणकण हाय, वैनी. परवा डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. जानकीला सांगू नका. ती पोरीला टाकून धावत येल."

"आज कणकण आणि परवा गोळ्या?" आनंदीबाईनं त्याच्याकडे बघितलं. "जेवलात काय?"

त्यानं बिस्किटांच्या पुड्याकडे हात दाखवला. तिनं पाणी तापवून दिलं आणि निघताना दारातून विचारलं, "थोडा पाला घेऊ?"

"घ्या की. आता हाताला लागतो. वरून तोडल्यापासून झाड नुसतं खालून फुटलंय."

घरी येऊन तिनं पाला निवडला, मूगडाळ शिजत घातली, नेहमीपेक्षा मोठ्या पातेल्यात. लसूण ठेचून घातली, पाला डाळीत मुरू दिला आणि रवीनं घोटलं. हिरवंगार दाट सूप झालं. हैबतीला वाटीत वाढताना तिनं उरलेलं कडीच्या डब्यात भरलं.

"तो डबा कोणाला?"

"धोंडूभावजींना. तापानं पडलेत. पाला त्यांच्याच झाडाचा हाय."

हैबतीचा हात वाटीवर थांबला. मग तो खाली बघून प्यायला लागला. वाटी खाली ठेवून म्हणाला, "मग देऊन ये."

"माझी म्हैस तटलीय दुधाची. तुम्ही जा."

"मी?"

"दुसरं कोण हाय घरात?" असं म्हणून ती चरवी घेऊन गोठ्यात गेली.

हैबती डब्यासमोर बसून राहिला. धोंडूकडे जायचं तर आधी बोलायला लागणार, आणि बोलायचं तर तोंड उघडायला लागणार. दोन वर्षं ज्याच्यापुढे ताठ मानेनं चाललो त्याला आता हे बोळकं दाखवायचं? पण डबा गार व्हायला लागला होता. एकट्या तापाच्या माणसाचं घर कसं असतं ते त्याला माहीत होतं. आनंदीबाई एकदा महिनाभर माहेरी गेली होती तेव्हा तोही असाच पडला होता, आणि तेव्हा पेज घेऊन आला होता तो धोंडूच. हैबती उठला. मफलर गुंडाळला. अंधार पडायच्या आत कुंपण ओलांडून तो धोंडूच्या दारात जाऊन उभा राहिला.

धोंडूनं डोळे उघडून बघितलं. हैबतीनं मफलर खाली ओढला आणि विचारलं, "थाप हाय का रे?"

त्याला म्हणायचं होतं ताप. धोंडू गोधडीतून उठून बसला.

"थाप कशाला मारू मी? खरंच ताप हाय. हात लावून बघ."

हैबतीला आपला घोटाळा कळला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा थापच बाहेर पडली. धोंडूनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. तो हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, खोकल्यात पुन्हा हसू आलं. हैबती रागावायच्या बेतात होता, पण खोकणाऱ्या माणसावर कसं रागवायचं? त्याचंही बोळकं पसरलं. मग दोघं हसत राहिले, तेही इतकं की गोठ्यात आनंदीबाईनं म्हशीच्या सडावरचा हात थांबवला.

धोंडूनं डब्याचं झाकण काढून सूप प्यायलं. अर्धं झाल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला.

"विचारायला पायजे होतं तुला," हैबती म्हणाला. ह्या वाक्यातली अक्षरंही घसरली, पण धोंडूला नीट समजलं.

"पायजे होतं," तो म्हणाला. आणि सुपाचा आणखी एक घोट घेऊन, "पण झाड चांगलं झालं. गेल्या साली शेंगाच शेंगा. आम्ही दोघं किती खाणार? तुला द्याव्या असं मनात यायचं."

"मग द्यायच्यास."

"तू बोलत नव्हतास."

"तू पण नव्हतास."

दोन-तीन दिवसांत धोंडूचा ताप उतरला, पण डब्याची ये-जा काही थांबली नाही. बरा झाल्यावर धोंडूनं ठरवलं की आपण नुसतं फुकट प्यायचं नाही. तो महाडच्या बाजारात गेला आणि भाजीवालीनं बाजूला टाकलेली फ्लॉवरची देठं, वाकडी गाजरं, जास्त पिकलेले टोमॅटो पिशवीभर घेऊन आला. त्याची चूल रिकामी होती, म्हणून संध्याकाळचं सूप त्याच्या घरी शिजायला लागलं. आनंदीबाईनं दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा रवी हैबतीच्या हातात देऊन ती बायकांच्या बचत गटाच्या बैठकीला निघून गेली. जन्मात कधी फोडणी न दिलेल्या हैबतीनं जिरं जाळलं. धोंडूनं मुळ्याचं सूप केलं तेव्हा वासानं मांजरसुद्धा बाहेर गेलं. पण दोघं शिकत गेले. गाजरात जरा आलं लागतं, फ्लॉवरची देठं आधी सोलायची, पेज शेवटी घालायची, ह्यावर ते लावणीच्या वेळेसारखे गंभीरपणे बोलायचे. मफलर आता गळ्यातच असायचा. वाडीतलं कोणी तोंडाकडे बघून हसलं तर हैबती तोंड आणखी उघडून दाखवायचा.

कवळी तयार झाली तेव्हा धोंडू त्याच्याबरोबर महाडला गेला. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, आरसा दाखवला आणि म्हणाल्या, "काका, सत्तावीस म्हणा बघू."

हैबती आपल्या जुन्या आवाजात "सत्तावीस" म्हणाला. बाहेर बाकावर बसलेले पेशंट चमकून दाराकडे बघू लागले. धोंडूनं त्यांना समजावलं, "घाबरू नका. दात बसले."

त्याच आठवड्यात जानकीबाई मुंबईहून परतली. श्रुतिकाला मुलगी झाली होती. बाळाचे फोटो मोबाइलमध्ये होते आणि कधी एकदा ते नवऱ्याला दाखवते असं तिला झालं होतं. एसटीतून उतरून ती घराच्या वाटेला लागली आणि लांबूनच तिला आपल्या घरातून ओरडण्याचा आवाज आला. आवाज हैबतीचा होता. मधून मधून धोंडू पण चढ्या सुरात उत्तर देत होता. दोन वर्षं धुमसत होतं, आपण नव्हतो तेव्हा शेवटी पेटलं म्हणायचं. तिनं पिशव्या अंगणातच टाकल्या आणि धावत दारापर्यंत गेली.

आत चुलीवर पातेलं रटरटत होतं. हैबती रवी धरून बसला होता आणि धोंडू त्याच्यापुढे लसणीचा गड्डा नाचवत होता.

"अरे, पावट्याच्या सुपात एवढी लसूण घालतात काय?" हैबती गरजत होता.

"घालतात. माझ्या घरात घालतात."

"मग पावट्याची चव कुठं राहणार?"

जानकीबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. धोंडूनं वळून बघितलं आणि तो घाईनं उठला.

"आलीस? बरं झालं. ये, बस. बाळ कसं हाय? पण आधी ह्याला सांग, आपण लसूण किती घालतो."

"बाळ नाय, बाळी," जानकीबाई म्हणाली. ती चुलीजवळ येऊन बसली, पातेल्यात वाकून बघितलं आणि पदरानं हात पुसले. "लसूण मी निवडते. तुम्ही दोघं आधी फोटो बघा."