विड्यातला खडा

बोम्मसंद्राच्या कारखान्यांमागच्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पिराजीच्या गोठ्यात नागय्यास्वामींनी गायीच्या अंगावरच्या गाठीला पितळी नळी लावली, जोर लावून चोखलं आणि तळहातावर थुंकले. काळा कुळकुळीत खडा!

"मारम्मादेवीचा कोप! आलं ना विष बाहेर?" स्वामी गरजले. "म्हणे लम्पी! डॉक्टरांना काय कळतंय डोंबल!"

गर्दीने हात जोडले, पिराजीनेही जोडले. न जोडून करतो काय बिचारा? एकुलती एक गाय गौरी कालपासून उठत नव्हती. महिन्यापूर्वी स्वामींच्या शब्दावर त्याने लस टोचायला आलेल्या डॉक्टर हेमलतांना दारातूनच परत धाडलं होतं. देवी घुसमटते म्हणून गोठ्यातली संध्याकाळची धुरीही बंद केली होती.

आज त्याची बायको चंद्राबाई त्याच डॉक्टरीणबाईंना हाताला धरून घेऊन आली. डॉक्टर बारकाईने बघत राहिल्या. दर खड्याआधी स्वामी आपल्या बटव्यातला विडा तोंडात टाकत होते.

"स्वामी, स्वल्प थांबा. आता विडा न खाता काढा बघू खडा," त्या म्हणाल्या.

"देवी भडकेल!"

"भडकू दे!" चंद्राबाईने बटवा हिसकावला आणि विडे उलगडले. प्रत्येकात सुपारीच्या जागी काळा खडा! स्वामींनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

"हा विषाणूचा रोग आहे, अक्का," डॉक्टर म्हणाल्या. "चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. धुरी बंद केलीत, त्यांना रान मोकळं मिळालं."

"मग आता द्या की सुई!" पिराजी रडकुंडीला आला.

"लस रोगाआधी द्यायची असते, अण्णा." त्यांनी गौरीच्या मानेवर हात ठेवला.

संध्याकाळी गौरी गेली. तिच्या वासराला कुरवाळताना पिराजीच्या बोटांना त्याच्याही मानेवर गाठ लागली. तो तसाच उठला आणि दारोदार फिरला.

"माझं वाटोळं झालं. तुमची गुरं धडधाकट आहेत तोवर लस टोचून घ्या. आजारी जनावर लांब बांधा, धुरी करा. खडे डोळ्यांनी पाहिलेत ना? डोकं वापरा रे, पाया पडतो!"

"सरी, सरी, खरं आहे तुझं," शेजारचा गुंडो म्हणाला.

सकाळी गुंडोच्या गोठ्यापुढे तीच गर्दी होती. स्वामींनी नळी लावली. विडा मात्र खाल्ला नाही. या वेळी तांब्यातलं तीर्थ प्यायले.