सरळ आलेली रेघ

पोरगी हुशार होती. शिकवणाऱ्यांना धडकी भरावी इतकी हुशार. सोळाव्या वर्षीच तिनं पुढचा सगळा रस्ता आखून ठेवला होता, कपाटाच्या दारावर आतून, खडूनं. शाळेची शेवटची दोन वर्षं गाळायची, थेट विज्ञान संस्थेत भौतिकशास्त्राला जायचं, मग संशोधन, मग डॉक्टरेट. आई चादरी काढायला दार उघडायची आणि म्हणायची, आता या चादरीसुद्धा शास्त्रज्ञ होणार.

दोन वर्षं गाळून यायची सवलत संस्था वर्षाला एकाच मुलाला द्यायची. लेखी परीक्षेत पोरगी पहिली आली. राहिलं होतं फक्त प्रात्यक्षिक.

आता शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. तिथल्या प्रयोगशाळेतलं सामान पार खिळखिळं झालेलं. त्यावर पुस्तकातलं उत्तर येणं शक्यच नव्हतं. म्हणून एक पद्धत पडून गेली होती. उत्तर आधी लिहायचं आणि उलटं गणित करून त्याला जुळतील अशी रीडिंग काढायची. सरांना सगळं ठाऊक होतं. तेच म्हणायचे, उगाच वजनं लटकवत बसू नका, वेळ जातो. या कामात पोरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. अख्खा वर्ग तिच्याकडूनच रीडिंग घ्यायचा. खरी वाटावीत म्हणून प्रत्येकाला ती थोडी वेगळी द्यायची, कुणाला मिलिमीटरभर जास्त, कुणाला कमी. यात खोटं काही आहे हे तिच्या मनातही आलं नव्हतं. बिचाऱ्या सामानाला आपण सांभाळून घेतोय, एवढंच तिला वाटायचं.

संस्थेतली खोली स्वच्छ होती. टेबलावर एक स्टँड, त्याला टांगलेली स्प्रिंग, शेजारी मोजपट्टी आणि पितळी वजनं. वजन वाढवत जायचं, स्प्रिंग किती ताणली ते मोजायचं, आलेख काढायचा. पोरीला हसूच आलं. हे तर लहान मुलांचं काम.

तिनं पहिलं वजन लावलं. स्प्रिंग हलली नाही. दुसरं लावलं. तरी नाही. तिनं नखानं टिचकी मारून बघितली. तिसऱ्या वजनाला मात्र स्प्रिंग लांबायला लागली आणि पुढे नीट लांबत गेली. गंजून अडकली असणार, पोरीनं ठरवलं. मग हात आपोआप चालला. पहिली दोन रीडिंग तिनं हिशेबानं बसवली, बाकीची जुळवून घेतली. शून्यातून निघालेली रेघ वरपर्यंत सरळ गेली.

खिडकीपाशी बसलेल्या परीक्षक बाई उठून आल्या. कागदावरच्या पहिल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"पहिलं वजन लावलंस तेव्हा काय दिसलं?"

"काहीच नाही. स्प्रिंग हलली नाही."

"मग इथं हललेली कशी?"

पोरीनं जे होतं ते सांगून टाकलं. अडकली होती, म्हणून दुरुस्त केलं. हे सांगतानाही तिचा आवाज खणखणीत होता.

बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी समजावलं की या स्प्रिंगची वेटोळी बनवतानाच आवळून बसवलेली आहेत. पुरेशी ओढ लागेपर्यंत ती उघडतच नाहीत. प्रात्यक्षिकाला मुद्दाम हीच स्प्रिंग ठेवतात.

"तुला ते दिसलं होतं, बाळ," बाई म्हणाल्या. "दिसलं, आणि तू ते बदलून टाकलंस. मी तुझं नाव नाही देऊ शकत."

दोन वर्षं शाळा पुरी कर आणि मग सगळ्यांबरोबर ये, एवढं त्यांनी सांगितलं.

बाहेर बाकावर आई पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. कठीण होतं का, तिनं विचारलं. पोरगी म्हणाली, "नाही गं. सोपं होतं." आणि मग तिला रडू फुटलं. आईनं झाकण उघडून बाटली पुढे केली.

वाटेत तिनं आईला सगळं सांगितलं. घरी येऊन पोरीनं ओलं फडकं घेतलं आणि कपाट उघडलं. आईनं तिचा हात धरला. "सगळं कशाला पुसतेस? दोन वर्षं गाळायची ती वरची ओळ पूस फक्त."

सोमवारी शाळेत प्रयोगाचा तास होता. तिची पार्टनर, जिला सगळे ढापणी म्हणायचे, नेहमीसारखी वही उघडून बसली होती.

"चल, सांग रीडिंग. मला लवकर जायचंय."

पोरीनं प्रयोगशाळेच्या कपाटातली जुनाट स्प्रिंग काढली, फुंकर मारून धूळ उडवली, स्टँडला टांगली आणि ढापणीच्या हातात वजन दिलं.

"डोकं फिरलंय का तुझं? यानं उत्तर येत नाही. मार्क जातील."

"जातील."

"तुझे पण जातील."

"माहितीये. लाव."

कुरकुरत ढापणीनं वजन लावलं. स्प्रिंग जराशी खाली आली, तिरकी झाली, थांबली.

"किती?"

"तू सांग की. तुला येतंच सगळं."

"मला नाही माहीत," पोरगी म्हणाली. हे वाक्य ती त्या खोलीत पहिल्यांदाच बोलत होती. "पट्टीकडे बघ आणि सांग."

ढापणीनं चष्मा वर सरकवला, वाकून बघितलं आणि एक आकडा सांगितला. पुस्तकाशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता. पोरीचा पेन क्षणभर कागदावर अडला. मग तिनं तो आकडा जसाच्या तसा लिहिला आणि पुढचं वजन उचललं.