दुकानात चालतं, घरी चालत नाही

आई शिलाई मशीन दुरुस्त करायची. ती गेल्यावर दुकान दादाकडे आलं आणि दुकानातल्या संगणकाचं काम माझ्याकडे. त्यात आईच्या नोंदी होत्या. टिपणं ठेवायच्या एका प्रोग्रॅममध्ये तिने सगळं ज्ञान फांद्याफांद्यांनी मांडलं होतं. मशीनच्या नावाशेजारच्या त्रिकोणावर टिचकी मारली की तक्रारी उघडत, तक्रारीखाली कारणं, कारणाखाली उपाय. आणि प्रत्येक तक्रारीच्या तळाशी एक फांदी ठरलेली: ‘माझं चुकलं’.

हे सगळं वेबवर टाकायची कल्पना दादाचीच. प्रोग्रॅममध्ये तशी सोय होती. प्रत्येक मथळ्याचं एक पान होई, त्रिकोणही तसेच चालत.

‘‘लोक तक्रार शोधतील आणि आपलं दुकान सापडेल,’’ तो म्हणाला. मग त्याने तळाची फांदी उघडून वाचली. ‘‘हे मात्र काढ.’’

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? ‘स्क्रू जास्त आवळला, झडप तडकली.’ हे वाचून कोण मशीन घेऊन येईल? शेजारी कुजबुजतील, बाईंना काही येत नव्हतं म्हणून.’’

‘‘दादा, जिला येत नाही ती असं लिहीत नाही.’’

‘‘ते तुझ्या पुस्तकांत गं. बाजारात नाही. आणि ती आता उत्तर द्यायला नाही. तिला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.’’

मी वाद घातला नाही. मथळ्यापुढची खूण काढली की त्या नावाच्या सगळ्या फांद्या वगळल्या जात. मी खूण काढली आणि पानं प्रसिद्ध केली.

पानं नीटनेटकी दिसली. वाचली तेव्हा मात्र मला आई कुठेच ऐकू आली नाही. ‘अंतर तपासा. तेल द्या. सुई बदला.’ मशीनसोबत मिळणाऱ्या कुठल्याही पुस्तिकेत हेच असतं.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या शिंपीणबाई आपलं मशीन तिसऱ्यांदा घेऊन आल्या.

‘‘अहो, इथे लोण्यासारखं चालतं. घरी नेलं की टाके सोडतं. माझ्या घराचा राग आहे का याला?’’

दादाने आमची सुई लावून कापड चालवलं. टाका सरळ, एकसारखा. त्याने फोनवर आमचंच पान उघडलं. तक्रार अगदी त्याच शब्दांत होती, उपाय एकच: ‘सुई आणि दोरा पकडणारा हूक यांतलं अंतर तपासा.’

‘‘तपासलं की दोनदा!’’ तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. ‘‘आई याबद्दल आणखी काहीतरी सांगायची. ते कुठे गेलं?’’

‘‘तू काढायला लावलंस त्यात आहे.’’

मी संगणकावर ती फांदी उघडली. दादा वाकून वाचू लागला.

‘माझं चुकलं. दुकानातली जाड सुई लावून अंतर जुळवलं. गिऱ्हाईक बाईंची सुई बारीक. त्यामुळे घरी हूक लांब राहिला, टाके सुटले. त्यांना म्हटलं, तुम्हालाच चालवता येत नाही. मग त्यांची सुई मागून पाहिली. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.’

मला वाटलं, आता दादा चिडणार. पण त्याने खुर्ची ओढली, तळाच्या फांदीपुढची खूण स्वतःच्या हाताने परत लावली आणि पानं पुन्हा प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

‘‘सगळीकडे?’’ मी विचारलं.

‘‘झडप तडकलेलीसुद्धा. कुणाला नावं ठेवायची तर ठेवू देत. हे लिहायला छाती लागते.’’

मग तो शिंपीणबाईंकडे वळला. ‘‘तुमची नेहमीची सुई आहे का जवळ?’’

त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. सुई बारीक होती. दादाने ती बसवली, अंतर नव्याने जुळवलं आणि कापड सुईखाली चालवलं; एकही टाका सुटला नाही.

‘‘आधी का नाही सुचलं हो?’’ बाईंनी टोमणा मारला.

‘‘चुकलं माझं. आमच्या आईनेही हीच चूक केली होती.’’

‘‘अगंबाई! म्हणजे खानदानी चूक म्हणायची!’’

‘‘खानदानीच!’’ दादा इतक्या मोठ्याने म्हणाला की रस्त्यावरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं. ‘‘वेबवर टाकली आहे. घरी जाऊन वाचा.’’