हिरवी तार

टेग्वेन भित्री होती, आणि हे कोळशाच्या खाणींच्या साऱ्या ऱ्होंडा दरीला ठाऊक होतं. क्लबात तिच्या गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ती गळ्यातली गिटार पुढे करायची आणि तिच्या तारा समोरच्या माईकला हलकेच टेकवून बघायची. ठिणगी उडाली नाही, तरच ओठ माईकजवळ न्यायचे. गिटारचा अँप्लिफायर वेगळा, गाण्याचा वेगळा. त्यांतल्या एकाचं अर्थिंग गेलं, की गाणारं माणूसच दोन्ही मशीनांच्या मधली तार होऊन बसतं. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या दरीतला ग्विलिम असाच पहिल्याच ओळीला गेला होता. त्याची बोटं गिटारवरून सुटेनात, तेव्हा कुणीतरी लाकडी खुर्चीने त्याला बाजूला ढकललं होतं. टेग्वेन तेव्हा पहिल्या रांगेत बसली होती.

तिचा नवरा इमलिन मशीनं सांभाळायचा. ती जुनी, व्हॉल्ववाली धुडं त्याला पोटच्या पोरांसारखी. बायकोचं हे तारा टेकवणं बघून तो दर शनिवारी मोठ्याने विचारायचा, "काय गं, झाली का प्रार्थना? का पाद्रीबाबांना बोलावू?" पुढच्या रांगेतले खाणकामगार खो खो हसायचे. तीही हसायची, पण टेकवल्याशिवाय राहायची नाही.

त्या शनिवारीही तिने टेकवून पाहिलं होतं. काही झालं नाही. तीन गाणी छान झाली, आणि चौथ्याच्या मध्यावर गाण्याच्या मशीनमधून जळकट वास सुटला. धूर निघाला. तिचा आवाज बसला, म्हणजे मशीनचा. इमलिन धावत आला आणि पडद्यामागून जुनं, राखीव मशीन ओढून आणलं. ते सुरू केलं तर सगळ्या हॉलभर घूं घूं घुमायला लागलं. बिअरचे ग्लास हातात घेऊन लोक हुर्यो करू लागले.

"अरे इमलिन, चक्कीवाल्याला बोलाव, मशीन दळण दळतंय!"

इमलिन पडद्याआड गेला. आणि ती घूं घूं एकदम थांबली.

टेग्वेनने वळून पडद्याकडे पाहिलं. घरघर हळूहळू कमी झाली असती, तर ती काहीच म्हणाली नसती. पण एका झटक्यात थांबायला कारण एकच. दोन मशीनांचं अर्थिंग एकत्र आलं की असा आवाज येतो, आणि तो घालवायला सगळेच मशीनवाले एका प्लगातली अर्थिंगची हिरवी तार सोडवून टाकतात. चांगल्या मशीनला ते खपून जातं. हे मशीन मात्र जुनं होतं, मधूनमधून वीज पाझरणारं. इमलिनला हे ठाऊक होतं, पण लोक ओरडत होते.

"अहो बाई," क्लबचे सेक्रेटरी प्रॉसर खालून म्हणाले, "गाताय ना? का सगळे ग्लास रिकामे झाल्यावर?"

तिने गिटार पुढे केली. तारा माईकला टेकल्या मात्र, निळी ठिणगी फाटकन उडाली आणि एक तार तुटून तिच्या मनगटाला लागली.

हॉलभर टाळ्या पडल्या. "वा! पुन्हा एकदा!" कुणीतरी शिट्टी मारली. लोकांना वाटलं, हीसुद्धा कार्यक्रमातलीच गंमत आहे.

टेग्वेनला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिला ग्विलिमची न सुटणारी बोटं दिसत होती. ती ओरडली, "इमलिन! हिरवी तार जोड!"

तो लाल तोंडाने आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. घूं घूं पुन्हा सुरू झाली होती. "जोडली. बघ टेकवून."

तिने टेकवलं. काही झालं नाही. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ठिणगी सांगते ते त्या घडीपुरतं. तार सैल बसली असली आणि गाण्याच्या मध्येच सुटली तर?

"तू लाव आधी ओठ," ती म्हणाली.

"मी?"

"तू. तुझ्याच हाताने जोडलीस ना?"

लोक ओरडले, "लाव रे इमलिन! एक मुका घे माईकचा!" इमलिन हसत पुढे आला. त्याने एक हात तिच्या गिटारच्या तारांवर ठेवला आणि माईककडे वाकला. आणि वाकलेलाच राहिला. त्याचे ओठ माईकपासून बोटभर लांब होते. वरच्या ओठावर घामाचे थेंब साचले होते. टेग्वेन इतक्या जवळ होती की तिला ते मोजता आले असते.

"प्लगातला स्क्रू फिरत होता नुसता," तो पुटपुटला. "घट्ट बसला की नाही, मला कळलंच नाही. भीती वाटतेय गं मला."

तो पुटपुटला खरा, पण समोर माईक होता. ते शब्द हॉलच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळले. प्रॉसरनी हातातला ग्लास खाली ठेवला.

टेग्वेन त्याच्या हाताकडे बघत होती. तो अजूनही तिच्या तारांवर होता आणि त्याचा श्वास माईकवर लागत होता.

"इमलिन," ती हळूच म्हणाली, "आधी तारांवरचा हात काढ. हळू. मग मागे सर. मशीन आपण दोघं मिळून बंद करू. आज गाणं नाही."

त्याने हात उचलला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.