पाचच्या पाच

डोळे गच्च मिटून सिद्धेश्वरनं बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नजरेच्या रेषेत नव्हती, बोटभर डावीकडं सरकलेली होती. त्यानं बंदूक हळूच काउंटरवर ठेवली.

"ही न्हाय."

"काका, तुर्कस्तानचा माल आहे हो," दुकानदार म्हणाला. "आपोआप भरते. तुम्ही नुसता चाप ओढत राहायचं."

"माल चांगलाच आसंल. मला बसत न्हाय."

शेजारी बसलेल्या अण्णारावांनी कपाळावर हात मारला. हे गावचे उपसरपंच. स्वतःच्या जीपनं सिद्धेश्वरला सोलापूरला घेऊन आले होते आणि आता पस्तावले होते. "आप्पा, सकाळधरनं सहावी बंदूक हाय ही! बैल घेताना सुदीक माणूस इतके दात बघत न्हाय."

"बैल मारका निघाला तर आपल्यालाच मारतुय, अण्णाराव. ही चुकली तर दुसऱ्याला लागती."

आता हा सिद्धेश्वर म्हणजे कोणी मोठा शिकारी, असं समजाल तर फसाल. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात अठ्ठावीस वर्षं तो स्टुलावर बसला. स्वतःचा परवाना, स्वतःची जुनी दुनळी, कमरेच्या पट्ट्यात पाच काडतुसं. इस्त्रीचा खाकी शर्ट, पीळ दिलेल्या मिशा. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मॅनेजर विचारायचे, "काय सिद्धेश्वर?" हा स्टुलावरून उठायचा, पाठ ताठ करायचा आणि सांगायचा, "पाचच्या पाच, साहेब!" म्हणजे पाचही काडतुसं जागेवर आहेत, एकही उडवावं लागलं नाही, आज कोणाचं काही वाईट झालं नाही. मॅनेजर बदलत गेले, उत्तर बदललं नाही. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हाही हा माईकसमोर उभा राहून "पाचच्या पाच" एवढंच म्हणाला आणि खाली बसला. लोक हसले. त्याला मात्र त्या शब्दांचा फार अभिमान होता. एवढ्या वर्षांत बंदूक हातात असून एकही गोळी माणसावर किंवा जनावरावर सुटली नाही, हे काय खायचं काम आहे?

गावातली टवाळ मंडळी त्याला 'स्टुलावरचा वाघ' म्हणत. आणि त्याच गावाला आता हा वाघ पाहिजे होता.

झालं होतं असं, की गेल्या येळवशीला घात झाला. येळवस म्हणजे वेळा अमावास्या; त्या दिवशी आपल्याकडं सगळं गाव रानात. कडब्याचं खोपटं म्हणजे कोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील यांच्यावर ताव मारायचा. त्याच्या आदल्या दिवशी बाहेरगावचा एक हौशी बंदूकवाला बोलावून गावानं रानडुकरावर बार काढायला लावला. त्यानं मारले छर्रे. छऱ्यांनी डुक्कर मेलं नाही, जखमी झालं आणि पिसाळलं. दुसऱ्या दिवशी आंबिलीची मडकी घेऊन निघालेल्या मथुराबाईंना त्यानं बांधावरच गाठलं आणि म्हातारीची मांडी फाडली. चार महिने अंथरुणावर काढून ती उठली ती काठी घेऊनच. शेतात पाऊल टाकणार नाही, म्हणाली. यंदा दुसरा एक दांडगा नर हरभरा उकरत होता, येळवस दहा दिवसांवर होती आणि गावात परवानाधारक एकटा सिद्धेश्वर. वनखात्यानं रीतसर परवानगी दिली, ती त्याच्याच नावानं.

त्यानं एकच अट घातली होती. छर्रे नाहीत, एक सबंध गोळी, आणि ती झेपेल अशी धड बंदूक. जुन्या दुनळीच्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या होत्या. गाव वर्गणी काढायला निघालं, तर हा म्हणाला, "वर्गणीतनं गणपती बसवा. बंदूक माझी म्या घेतो."

"आणखी एक आहे," दुकानदार कंटाळून म्हणाला आणि आतल्या कपाटातून एक ओबडधोबड बंदूक घेऊन आला. "सरकारी कारखान्याची. पंप म्हणतात हिला. प्रत्येक बाराला हा पुढचा दांडा हातानं मागं-पुढं करावा लागतो. हौशी लोक बघतसुद्धा नाहीत. तुर्की बंदुकीच्या निम्म्या किमतीत येईल."

सिद्धेश्वरनं डोळे मिटले. खांद्याला लावली. डोळे उघडले. माशी बरोबर समोर, जणू कधीची वाट बघत होती.

त्यानं नळीवरून एकदा हात फिरवला. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, मग दारापाशी उजेडात नेऊन नळीतून आरपार पाहिलं. "नळी सरळ हाय, का तोंडाला आवळलेली?"

"सरळ."

"मग बराबर. आवळलेली नळी छऱ्याला. सबंध गोळीला सरळच पायजे." त्यानं दांडा मागं ओढला, पुढं ढकलला. खर्र-खट. "ह्यो आवाज मला समजतुय. आपोआप भरणारीचं मन मला कळत न्हाय. हिला म्या भरल्याबिगर भरता येत न्हाय. किती घेती?"

"पोटात चार, नळीत एक."

"म्हंजे पाच," सिद्धेश्वर म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. दुनळी मोडीत घातली, वरचे पैसे निवृत्तीच्या शिलकीतले. गोळीची काडतुसं दोन खोकी घेतली आणि परवान्यावर नोंद करून घेतली.

अण्णारावांनी जीपमध्ये बसता बसता गावाकडं फोन लावला, "झालं एकदाचं! आप्पानं पंप घेतला, पंप!"

जीप पारापाशी थांबली तेव्हा धोंडप्पा दोन घागरी घेऊन हजर. "आप्पा, लई बेस केलंत. हरबऱ्यावर आळी पडलीया, उद्याच्याला द्या की तुमचा पंप. किती लिटरचा हाय?"

"पाचाचा," सिद्धेश्वर गंभीरपणानं म्हणाला. "पण आळीला लई महाग पडंल, धोंडप्पा."

दुसऱ्या दिवशी वनरक्षक हर्षाली मॅडमच्या देखत पडक्या खाणीत त्यानं पोत्यावर सराव केला. ह्या गोळ्या वेगळ्या, त्या मोजायच्या नसतात. पाच बार काढले. पाचही तळहाताएवढ्या जागेत बसले, पण खांदा काळानिळा झाला. घरी बायकोनं, श्रीदेवीनं, हळद गरम करून लावली आणि बोलणीही घातली.

"अय्यो शिवने! गळ्यात लिंग, ताटात कधी अंडं न्हाय, अन् म्हातारपणी जीव घ्यायला निघालाव?"

"घ्यायचाच हाय तर येका गोळीत घ्यायचा. अर्धा मारून सोडायचा न्हाय. शिवाला तेवढं तरी तोंड दाखवता आलं पायजे."

श्रीदेवीनं हळदीची वाटी खाली ठेवली. नवऱ्याला भीती वाटते आहे, हे तिला कळलं. डुकराची नाही; हात चुकण्याची. अठ्ठावीस वर्षं लोकांनी त्याच्या बंदुकीवर भरवसा टाकला, तो ती उडाली नाही म्हणून. आता ती उडवायची होती.

येळवशीच्या तीन दिवस आधी, तांबडं फुटायच्या वेळेला, सिद्धेश्वर, अण्णाराव आणि हर्षाली मॅडम वाऱ्याच्या तोंडाला बांधाआड बसले. उजाडलं आणि उसातून तो नर बाहेर आला. म्हशीच्या रेडकाएवढा. चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला आणि हरभऱ्यात तोंड घातलं.

"मार, आप्पा! मार की!" अण्णाराव कुजबुजले.

सिद्धेश्वरनं माशी डुकराच्या खांद्यामागं टेकवली. आणि मग त्याची नजर डुकराच्या पलीकडं गेली. लांब, तुरीच्याही पलीकडं, पायवाटेनं दुधाची किटली घेतलेलं एक माणूस चाललं होतं. टीचभर दिसत होतं. सिद्धेश्वरनं बंदूक खाली केली. डुकरानं कान टवकारले आणि ते उसात शिरलं.

"काय केलंव आप्पा हे!" अण्णाराव ओरडलेच.

"मागं माती नव्हती."

"माती नव्हती? आवं, सगळ्या रानात मातीच हाय की! दुसरं काय हाय हितं?"

हर्षाली मॅडमनी पायवाटेकडं पाहिलं, मग सिद्धेश्वरकडं. "काका बरोबर आहेत. ही गोळी फार लांब जाते," ती म्हणाली. पण अण्णाराव तोवर तणतणत जीपपर्यंत पोचले होते.

दुपारपर्यंत गावभर झालं. मागं माती नव्हती, म्हणे! पारावर कुणी पाणी मागितलं की दुसरा म्हणायचा, "देतो, पण मागं माती हाय का बघ." स्टुलावरचा वाघ स्टुलावरच बरा, असं एक जण सिद्धेश्वरच्या तोंडावर म्हणाला. त्याचे कान लाल झाले. संध्याकाळी बंदूक कपाटात ठेवताना सवयीनं म्हणाला, "पाचच्या पाच." श्रीदेवीनं रोजच्यासारखी मान डोलावली.

दुसरा दिवस त्यानं नुसता चालण्यात घालवला. चिखलातले खूर बघितले, वारा बघितला. डुक्कर उसातून निघून ओढ्यावर पाणी प्यायला जात होतं आणि ओढ्याच्या पलीकडं पुरुषभर उंचीची पांढऱ्या मातीची दरड होती. त्यानं दरडीच्या समोर दगडांचा आडोसा केला. बंदूक उचलून पाहिली. माशीच्या मागं फक्त माती.

येळवशीच्या आदल्या दिवशी पहाटे तिघं तिथं बसले. अण्णाराव आलेच होते. रुसले तरी त्यांना राहवत नव्हतं. चांगलं दिसू लागलं तेव्हा ओढ्यात दगड घरंगळला. नर आला, पाण्याकडं वाकला, मग तोंड वर करून वारा हुंगत आडवा उभा राहिला. सिद्धेश्वरनं श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

एकच बार. डुक्कर जाग्यावर बसलं, दोनदा पाय झाडले आणि निपचित पडलं. सिद्धेश्वरनं दांडा ओढला, रिकामं काडतूस बाहेर पडलं, आणि तो तसाच नेम धरून बसून राहिला. दुसऱ्या गोळीची गरज नाही याची खात्री पटल्यावर त्यानं बंदूक मोकळी केली, टोपी काढली आणि शर्टाच्या आतलं लिंग मुठीत धरून "शिवा" एवढंच म्हणाला.

अण्णाराव ओढा ओलांडून धावले. डुकराच्या मागं दरडीत पेरूएवढं भोक पडलं होतं. त्यांनी त्यात बोट घातलं, मग कोपरापर्यंत हात घातला, तरी गोळी हाताला लागेना.

"आरं तिच्या! ही माती म्हणत हुता व्हय तुमी?" अण्णारावांचा आवाजच बदलला. "अन् परवा तिकडं कोण हुतं?"

"कोण का आसंना. माणूस हुतं."

"आप्पा," अण्णाराव म्हणाले, "परवाच्या दिशी त्या वाटंनं किटली घेऊन माझा भाऊ गेल्ता." आणि भर सकाळी, सगळ्यांदेखत, गावचा उपसरपंच स्टुलावरच्या वाघाच्या पाया पडला. सिद्धेश्वर इतका अवघडला की त्याला मागं सरायलाही सुचेना.

बाराचा आवाज ऐकून गाव लोटलं. सगळ्यांच्या मागून काठी टेकत मथुराबाई आल्या. डुकराकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"येकाच गोळीत व्हय रं, सिद्धेश्वरा?"

"व्हय, काकू."

"तडफडलं न्हाय जास्ती?"

"न्हाय."

"मग उद्या येते म्या रानात. माझ्या कोपीवर जेवाय ये. श्रीदेवीला बी आण. बिगरलसणाची भज्जी येगळी करते तुमास्नी." पारावरचे सगळे टवाळ तिथं होते. सिद्धेश्वरची छाती आपोआप पुढं आली. खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं.

हर्षाली मॅडम पंचनामा लिहायला बसली. "काका, किती गोळ्या आणल्या होत्या?"

"पाच."

"शिल्लक?"

सिद्धेश्वर उठून उभा राहिला. पाठ ताठ केली. "पाचच्या..." म्हणाला, आणि जीभ अडली. मॅडम पेन धरून थांबली.

"चार," तो म्हणाला.

संध्याकाळी घरात त्यानं बंदूक पुसली, नळीतून कापड फिरवलं. चार काडतुसं कपाटात एका रांगेत मांडली. पाचव्याची जागा रिकामी दिसत होती. रोज ज्या वेळी त्याचा 'पाचच्या पाच' असा आवाज यायचा, त्या वेळी आज आला नाही. स्वयंपाकघरात उद्याची आंबील ढवळणाऱ्या श्रीदेवीचा हात थांबला. ती दारात आली.

"आज काय म्हणणार न्हाय?"

"काय म्हणू? अठ्ठावीस वर्सं आन् वरची तीन. मोजणी मोडली की गं."

श्रीदेवीनं पदराला हात पुसले. कपाटापाशी येऊन तिनं एकेका काडतुसाला बोट लावलं. एक, दोन, तीन, चार.

"चारच्या चार म्हणा," ती म्हणाली. "पाचवी हरवली न्हाय. मथुराकाकू उद्या रानात येणार हायती."

सिद्धेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. मग शर्टाची वरची गुंडी लावली, टाचा जुळवल्या, दुखरा खांदा मागं घेतला आणि शटर ओढायच्या वेळेसारखा ताठ उभा राहिला.

"चारच्या चार, साहेब!"

आणि एरवी पोट धरून हसली असती, त्या श्रीदेवीनं मॅनेजरासारखी मान डोलावली आणि कपाट बंद केलं.