लायलमामाची चौथी धाव

वेस्टरबीच्या पाणकोंबड्यांनी शनिवारचा सामना चार-तीनने जिंकला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. लीगनेही तसंच समजायचं ठरवलं आहे. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

पाणकोंबड्या म्हणजे आमचा गावचा बेसबॉल संघ. गेल्या हंगामात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. त्याच्या आदल्या हंगामात एक जिंकलो, कारण समोरच्या संघाची गाडी मे महिन्यातल्या बर्फात रुतली आणि ते आलेच नाहीत. तो आमचा अलीकडचा सर्वांत चांगला खेळ. म्हणून यंदा लीगने कळवलं, की हंगाम सुरू व्हायच्या आत ओस्लुंडच्या संघाला एकदा हरवून दाखवा, नाहीतर वेळापत्रकात तुमचं नाव नाही.

हे लायलमामाच्या जिव्हारी लागलं. मामा आमचा मॅनेजर, मैदानाचं गवत कापणारा आणि वयाची अठ्ठावन्न उलटूनही पहिल्या बेसवरचा खेळाडू. मी जन्मायच्या आधी त्याने होम प्लेटवर घसरत येऊन जिल्ह्याचा कप जिंकून दिला होता. त्यानंतर गावात एवढं मोठं काही घडलं नाही. धान्याच्या कोठाराला एकदा नवा रंग दिला, पण तोही जुन्यासारखाच दिसला.

आमच्याकडे चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकच, कोल्टन. तो लग्न करून सासुरवाडीच्या शेतावर राहायला गेला. लीगचा नियम असा, की खेळाडूचं घर होम प्लेटपासून तीस मैलांच्या आत हवं. मोजलं तर कोल्टनचं घर शंभर यार्ड बाहेर.

"घर थोडं अलीकडे घेता येईल का रे?" मामाने विचारलं.

"बायकोला विचारतो," कोल्टन म्हणाला. त्याने खरंच विचारलं. नंतर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

"मग प्लेट हलवू," मामा म्हणाला.

होम प्लेट म्हणजे या खेळातलं घर, ती पांढरी रबरी पाटी. तिथून निघायचं, तीन बेस फिरायचे आणि तिथेच परत यायचं, की एक धाव. ती हलवायची म्हणजे सगळं मैदानच उलटं करायचं. आम्ही केलं. नवी प्लेट तळ्याच्या बाजूला गेली, कोल्टन नियमात बसला. प्रेक्षकांच्या पायऱ्या मात्र सिमेंटच्या, त्या जागच्या जागी राहिल्या. आता गावाला आमच्या पाठी दिसतात. कोणी तक्रार केली नाही. गेल्या वर्षी त्यांनी आमची तोंडं पाहिली होती.

पायऱ्यांसमोरची जुनी प्लेट मामाने उपटू दिली नाही. "ती कुणाचं काय खाते?" म्हणाला आणि तिच्याभोवतीचं गवत कात्रीने कापत बसला.

पायऱ्यांवर पहिल्या रांगेत, जुन्या प्लेटच्या बरोबर मागे, आर्डिसमामी बसते. मामा तिसऱ्या बेसला वळसा घालून निघाला, की ती ओरडते, "लायल, जेवण निवतंय!" त्यांचं लग्न ठरलं नव्हतं तेव्हापासून ओरडते. तेव्हा जेवण नसायचं, नुसतीच हाक असायची.

शनिवारी तळ्याच्या कडेला अजून बर्फ होता. कोल्टनने असे चेंडू टाकले, की ओस्लुंडवाले बॅटकडे संशयाने बघायला लागले. शेवटच्या डावात तीन-तीन अशी बरोबरी, आमचे दोन बाद, तिसरा गेला की डाव संपला, मामा दुसऱ्या बेसवर आणि बॅटिंगला मी.

"भाच्या, डोळे उघडे ठेवून मार!" मामा ओरडला.

मी मिटून मारला. चेंडू पार उजव्या कुंपणापाशी गेला. मामा धावत सुटला. तिसरा बेस ओलांडला. नवी प्लेट समोर, दहा-बारा पावलांवर. कोल्टन हात फिरवून ओरडतोय, "सरळ! सरळ ये!"

आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून हाक आली.

"लायल, जेवण निवतंय!"

मामा थबकला. मागे वळला. आणि खाली मान घालून हाकेच्या दिशेने पळत सुटला. ओस्लुंडच्या पिचरच्या बाजूने, दुसऱ्या बेसवरून, पुढे मोकळ्या गवतात. ओस्लुंडचा खेळाडू चेंडू हातात घेऊन नुसता बघत राहिला. दुसरा एक जण वाटेतून बाजूला झाला आणि का कोण जाणे, त्याने टोपी काढली. शेवटचं अंतर मामा पोटावर घसरत गेला आणि त्याने जुन्या प्लेटवर हात ठेवला.

पायऱ्यांवरची सगळी म्हातारी माणसं उभी राहिली. कपाच्या वर्षी अशीच उभी राहिली होती म्हणतात. मामी एका हाताने तळ्याकडे दाखवत ओरडत होती, "अरे गाढवा, तिकडे!" आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

अंपायर वेंडेल एरवी चष्म्याचे नंबर काढतो. तो सगळं मैदान चालत आला.

"लायल, तू बाद आहेस."

"कशावरून?"

"तू इथे आहेस, यावरून."

आमच्या मैदानाला दिवे नाहीत. अंधारून आलं आणि सामना बरोबरीत सुटला. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, हे लीगने सोमवारी सकाळी फोन करून सांगितलं. त्यांना वाटलं असावं, आम्हाला माहीत नसेल.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही पायऱ्यांवर बसून मामीने आणलेलं खिमा-बटाट्याचं भांडं संपवलं. ते खरोखरच निवलं होतं.

"प्लेट तिकडे आहे, हे ठाऊक होतं मला," मामा म्हणाला. "पण ही इकडून बोलवत होती."

"मग काय तळ्यात उभी राहून बोलवू?" मामी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं.

आता यंदाच्या हंगामात आमचं कसं काय, असं कोणी विचारलं तर सगळं पुढच्या अर्जावर अवलंबून आहे. मजकूर मामाचा, शुद्धलेखन माझं:

"माननीय लीग समितीस सविनय सादर, की आमचे खेळाडू श्री. लायल टॉर्गरसन हे शनिवारी घरी पोहोचले होते. सबब त्यांची धाव ग्राह्य धरून आमच्या संघाचे नाव वेळापत्रकात घ्यावे. ते शक्य नसल्यास, घर पूर्वी जिथे होते तिथे ते अजूनही आहे, असा ठराव समितीने एकमताने करावा, ही विनंती."