आनंदाच्या डब्यातलं पितळ

मित्रांनो, बदलापूरच्या कात्रपमध्ये एका स्वयंपाकघराच्या माळ्यावर मी पालथा पडून आहे. मी तीन कप्प्यांचा, स्टीलचा, जेवणाचा डबा. वय झालं, कडी सैल झाली, पण मला इथे टाकलं ते त्यासाठी नव्हे.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या भांड्यांच्या दुकानातून विठाने मला घेतलं आणि झाकणावर नवऱ्याचं नाव कोरून घेतलं. रोज सकाळी ती खालच्या कप्प्यात भाजी, मधल्यात भाकरी आणि वर चटणी-कांदा भरायची. आनंदा मला घेऊन अंबरनाथला जायचा. तिथे नळाचे पितळी भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता.

कारखान्याचा मालक धर्मेश इथल्याच आगरी घरातला. वडील अचानक गेले तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. लेथ कशी चालवायची, माल कसा पारखायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे सगळं त्याला आनंदानेच शिकवलं. धर्मेशची आई मोतीबाई कारखान्याच्या मागेच राहायची. ती दुपारी येऊन माझ्यात कधी सुकटीची चटणी, कधी तांदळाची भाकर ठेवून जायची. संध्याकाळी धर्मेश अधूनमधून कामगारांच्या पिशव्या बघायचा, माझ्याकडे मात्र वळूनही पाहत नसे. मला त्या विश्वासाचा अभिमान वाटे.

मग धर्मेशने मोठी गाडी घेतली आणि सगळ्यांना पेढे वाटले. त्या दिवशी घरी आल्यावर आनंदा विठाला म्हणाला, कारखाना उभा केला मी आणि गाडीत बसणार तो. विठा म्हणाली, त्याच्या बापाचा कारखाना आहे, बसू दे की. तिच्या लेखी विषय संपला. आनंदाच्या मनात तो कुजत राहिला.

काही दिवसांनी त्याने माझ्या रिकाम्या तळात फडक्यात गुंडाळून पितळेचे तुकडे ठेवले आणि कडी लावली. वाटेतल्या भंगारवाल्याने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "माल अच्छा है. लाते रहना."

आनंदा नेत राहिला. आधी लेथखाली उरलेली नुसती कातरण, मग तयार माल. मित्रांनो, घरात काही अडलं नव्हतं. लेक किर्ती शिकून नोकरीला लागली होती, राहती जागा स्वतःची होती. हे माझ्या घामाचंच आहे, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. विठा मला घासताना म्हणायची, हल्ली डब्याला कसला उग्र वास येतो. तो म्हणायचा, कारखान्याचा.

माल कमी भरू लागला तसा धर्मेश अस्वस्थ झाला. संशय आला बाळावर. बाळा पॉलिशला नवा लागलेला, उल्हासनगरचा. बोलताना अडखळायचा. त्याच्या पिशवीत काही सापडलं नाही, पण प्रश्न विचारला की त्याची जीभ अडे, आणि धर्मेशला ती कबुलीच वाटे. पोलिसांना बोलावतो, असं तो म्हणाला. तेव्हा आनंदा पुढे झाला.

"धर्मेश, पोलीस नको. पोराबाळांचा माणूस आहे. नुसतं कामावरून काढ."

सगळ्यांना आनंदाचं मन मोठं वाटलं. बाळाने तर जाताना त्याचे पाय धरले. मी आनंदाच्या हातातच होतो, पोटात पितळ घेऊन.

चोर म्हणून झालेला बभ्रा बाळाच्या आधी पुढच्या कारखान्यात पोहोचायचा. कुठेच काम मिळेना. शेवटी तो एक जुनी इमारत पाडण्याच्या कामावर गेला आणि तिथे भिंत अंगावर पडून गेला. बातमी आली तेव्हा आनंदा जेवत होता. हातातला घास त्याने परत कप्प्यात ठेवला. पुढे बरेच दिवस त्याने पितळेला हात लावला नाही. मग पुन्हा लावला.

एकदा मोतीबाईला किर्तीसाठी पापड द्यायचे होते. वरच्या कप्प्यांत उरलेली भाकरी-चटणी दिसली म्हणून तिने खालचा उघडला. फडकं सोडून पाहिलं आणि ती जमिनीवरच बसली. आनंदा समोर उभा होता. तिने आवाज चढवला नाही.

"आनंदा, बाला मेला ना रं," ती म्हणाली. "जा, त्याच्या बायकोला तुझ्या तोंडानी सांग."

आईकडून कळताच धर्मेशने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तसाच मला घेऊन आनंदा बाळाच्या घरी गेला. बाळाची बायको नूतन हिने त्याला पाणी दिलं. त्याने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दादा, तुमचं नाव नेहमी काढायचे ते. म्हणायचे, सगळ्यांत एकटा आनंदादादा माझ्या बाजूने बोलला."

आनंदा पाणी प्यायला आणि उठला. काही न सांगता घरी आला. विठाला मात्र सगळं सांगावं लागलं, कारण तिने माझा वास घेऊन पुन्हा तोच प्रश्न विचारला.

विठा रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः नूतनला सगळं सांगायला गेली. परतली तेव्हा आनंदाने विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही. पोरीला आत पाठवलं आणि दार लावून घेतलं," विठा म्हणाली. मग तिने मला घासलं, पुसलं आणि माळ्यावर टाकलं.

बाळा चोर नव्हता, हे सांगायला मात्र धर्मेश कोणत्याच कारखान्यात गेला नाही.

मित्रांनो, मला खाली काढा असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो, की एखादा बोलताना अडखळला तर त्याला चोर ठरवू नका. आणि जे चारचौघांत उघडून दाखवता येणार नाही, ते आपल्या डब्यात भरू नका. पितळ आज ना उद्या उघडं पडतंच. पण तोवर बाळासारखा माणूस ते बघायला उरलेला नसतो.